काकांनी घेतलेली दोन नावं

चहा गार होऊ देऊ नका, पण आमच्या काकांनी केलेल्या तर्पणाचं ऐका. काका फौजेतले, रणगाड्यांच्या स्क्वाड्रनमधून कर्नल होऊन झाशीला रिटायर झाले आणि तिथेच राहिले. यंदा पितृपक्षात वडील-आजोबांची नावं झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, आता गुरमीत आणि गफूर. रणगाडा पेटला तेव्हा मी बाहेर पडलो, ते दोघे आतच राहिले."

गुरुजी अडले. आमचे गुरुजी म्हणजे दर्भ वाकडा धरला तरी ओरडणारे!

"देखिए कर्नलसाब, गोत्राशिवाय पाणी कसं सोडायचं? यांचं गोत्र काय?"

"माझंच. बी स्क्वाड्रन."

मला वाटलं, आता उठून जातात. गुरुजींनी उपरणं सारखं केलं, काकांच्या ओंजळीत पाणी घातलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बी-स्क्वाड्रन-गोत्रं गुरमीतं तर्पयामि. बी-स्क्वाड्रन-गोत्रं गफूरं तर्पयामि."