हवालदार रुसला

(आंधळगावचा जनावरांचा दवाखाना. टेबलावर एक भुरा कुत्रा, मान डावीकडे कललेली.)

डॉ. रश्मी : एकेकानं बोला. काका म्हणतात रुसलाय. काकू म्हणतात तोंड बिघडलंय. गाव म्हणतंय पिसाळलाय. मी कागदावर लिहू काय?

तेजराम : रुसलाच हाये म्याडम. आठ दिवस झाले. ‘हवालदार, ए हवालदार’ करून घसा सुकला माहा. तो मान वळवून पाहात नाई.

डॉ. रश्मी : हवालदार याचं नाव?

विमलाबाई : आमच्या धानाच्या पुंजण्याची राखण करते न बाई. त्या ढिगावरच झोपते. डुकराची हिंमत नाई जवळ याची. पण रुसणंफुसणं काई नाई, यायचं, आमच्या मालकाचं, डोकंच तसं हाये. तोंडाले फेस येऊन राहिला त्याच्या.

तेजराम : फेसापायीच तं आलो. आमच्या शेजारच्या धनीरामनं काल पाहिला. आज चार माणसं घेऊन दारात उभा. म्हणे संध्याकाळपर्यंत याचा फैसला करा, नाई तं आम्ही करतो.

डॉ. रश्मी : कोणाला चावला, ओरबाडलं?

तेजराम : कोणालेच नाई. लस टोचली हाये, इथंच, मागच्या उन्हाळ्यात. हे कार्ड.

डॉ. रश्मी : पाणी पितो?

विमलाबाई : गटगट. भातावर वरण टाकलं का ताट घासायचं काम नाई.

डॉ. रश्मी : मग फेस केव्हा येतो?

विमलाबाई : सकाळी.

डॉ. रश्मी : रोज? फक्त सकाळीच?

विमलाबाई : हो... म्हणजे, निंबाचा रस पाजला का.

तेजराम : कोणता निंबाचा रस?

विमलाबाई : तोंडाचा वास मारून राहिला होता न. म्हणून पाला वाटून पाजला चार दिवस. तुमाले सांगतलं असतं तं तुमी ओरडले असते.

डॉ. रश्मी : काकू, इतकं कडू तोंडात गेल्यावर फेस येणारच. वास दातांचा आहे. बघा, केवढं कीट साचलंय, हिरड्या लाल झाल्यात.

विमलाबाई : म्हणजे धनीरामनं माह्या निंबाचा फेस पाहिला? अन् मी त्याच्यासमोर रडत बसली होती!

तेजराम : पण नाक पाहा न म्याडम. कोरडं ठक्क. ताप हाये त्याले.

डॉ. रश्मी : ताप नाही, आत्ताच मोजला. उन्हात बसला की नाक कोरडं पडतं. थांबा, तोंड बांधते आणि कान बघते. ... हे काय? कानात काय ओतलंय?

विमलाबाई : काय ओतलं? कोणी?

तेजराम : लसणाचं तेल. डोकं झाडून राहिला होता, म्हणून. रोज संध्याकाळी, जराजरासं.

विमलाबाई : मले काहून नाई सांगतलं वो?

तेजराम : तू म्हणली असती, खायचं तेल कुत्र्याले कायले.

डॉ. रश्मी : कोणत्या कानात?

तेजराम : दोन्ही.

डॉ. रश्मी : दुखत कोणता होता?

तेजराम : तेच तं मालूम नवतं. म्हणून दोन्ही.

विमलाबाई : सकाळी मी, संध्याकाळी हे. कुत्र्यानं जावं कोणाकडे बापा?

तेजराम : तुह्याकडे तं जाते न! तेच समजून नाई राहिलं मले. हिच्याकडे धावते म्याडम, अन् मी लहानपणापासून वाढवला, तं माह्याकडे पाठ करून बसते. जिवाले लागते हो.

डॉ. रश्मी : काकू, तुम्ही त्याला बोलावता कसं?

विमलाबाई : बोलावतो कुठं? ताट घेऊन समोर जातो.

डॉ. रश्मी : आणि काका?

तेजराम : मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून हाक देतो. मागून.

डॉ. रश्मी : हं. धरून ठेवा घट्ट. चिमटा घालतेय. ... निघालं. हे बघा.

विमलाबाई : अगं माय! हे तं धानाचं कुसळ.

डॉ. रश्मी : ढिगावर झोपून आत गेलं. हा कान त्यानंच पिकलाय. पडदा शाबूत आहे, नशीब. दुसरा तेलानं आणि मळानं गच्च बुजलाय. काका, तो रुसला नाही. त्याला तुमची हाक ऐकूच येत नाहीये.

तेजराम : ऐकूच नाई येत?

डॉ. रश्मी : येईल. औषध देते. दोन-तीन आठवडे लागतील. तेल मात्र बंद, निंबही बंद. दातांचं नंतर पाहू.

तेजराम : मंगळवारी डुकरं आले होते. दहा हाका मारल्या. उठला नाई.

विमलाबाई : मंग?

तेजराम : मंग काय. काठीनं दोन ठेवून दिल्या.

विमलाबाई : मारलं याले? अन् हेही मले नाई सांगतलं?

तेजराम : पाहात राहिला माह्याकडे नुसता. मले वाटलं, मस्ती चढली.

डॉ. रश्मी : जाऊ द्या काका. पिसाळल्याचं एकही लक्षण नाही, असं लिहून देते. धनीरामना दाखवा. त्यांच्या समाधानासाठी दहा दिवस घरी बांधून ठेवा. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा. आणि त्याला बोलवायचं तर समोर जाऊन बसा.

तेजराम : असं? असं खाली बसू?

डॉ. रश्मी : हो. त्याला तुमचं तोंड दिसलं पाहिजे.

तेजराम : हवालदार. इकडं पाह्य. चुकलं बापा माहं. तुह्यासारख्या जनावरावर हात उचलला म्या. आता नाई उचलत.

विमलाबाई : अवो, त्याले काई ऐकू येत नाई न आता.

तेजराम : म्हणूनच तं बोलून घेतो. ऐकू याले लागल्यावर मले नाई जमणार.