निळ्याचा महिना कोणता?

चहा घे आधी, मग सांगते माझ्या शाईच्या पॅडांचं काय झालं ते.

मी ठसे उमटवून कार्डं छापते, तुला ठाऊकच आहे. पॅड वाळू नयेत म्हणून बारा खणांच्या पेटीत उलटे ठेवते. परवा पेटी उघडली, तर सगळ्यांच्या जागा बदललेल्या! काम सासऱ्यांचं. जन्मभर नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होते, आता घरात जीव रमत नाही.

"मामाजी, नारिंगी कुठी ठेवला?"

"फागुनात. पळस तवाच फुलते."

बारा खण, बारा महिने! कुसुमाच्या झाडाच्या पालवीचा लाल चैतात, धानाचा हिरवा सावनात. भांडायचं विसरून मी एकेक खण उघडतच बसले.

"आन् निळा?"

"त्याचा महिना नाही सापडून रायला. पाहून येतो." आणि पॅड खिशात घालून निघालेसुद्धा!

कोहमाऱ्याच्या ताईंना दुपारी बारशाची निळी कार्डं द्यायची होती. त्यांचे फोनावर फोन. मामाजी परतले दिवस बुडताना, अगदी हरवल्यासारखे.

"सापडला. नीळकंठाच्या पंखात. बसला राहते तवा दिसत नाही, उडाला का दिसते."

"मंग कोणत्या खणात ठेवू?"

"खणात नोको ठेवू, पोरी. उडते तो."

तेवढ्यात ताई दारात. "काऊन वो, एवढा उशीर?"

खोटं काही सुचेना. म्हटलं, "ताई, निळा जंगलात गेला होता. आत्ताच आला."