लाल दिवा लागला

— थांबा जी नत्थूजी, हात आवरा! बॉनेट उघडलं तसं राहू द्या, पण दुरुस्त नका करू इतक्यात. गाडी दुरुस्त नका करू म्हणणारा पहिलाच गिऱ्हाईक असन मी तुमच्या गॅरेजात. हसा, हसा! आमदार मधुकररावांची गाडी एकोणीस वर्सं चालवून राहिलो, तरी ह्या देवराव ड्रायव्हरवर असा वखत कधी आला नाही. ह्या डॅशबोर्डवरच्या एवढ्याशा लाल दिव्यानं माही नोकरी तोंडात धरली हाय, आता फक्त गिळायची बाकी. तुमच्या फोनवरून साहेबांच्या घरी भिवापूरले कॉल बुक केला ना म्या, तो लागेपर्यंत काय करायचं ते मले सुचू द्या.

कधीपासून लुकलुकून राहिला? सकाळपासून. अधिवेशन सुरू हाय, मंत्रिमंडळ वाढणार म्हणतात, म्हणून साहेब तीन दिवसांपासून आमदार निवासात इस्तरीचे कपडे घालूनच झोपून राहिले — बोलावणं आलं तर सुरकुती नको म्हणून! एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत नाहीत बिचारे. तर सकाळी म्या गाडी पुसली, सुरू केली, अन् हा दिवा — लुक, लुक, लुक. ऑइल? पाहिलं ना जी. कांडी पुसून दोनदा घातली, ऑइल वरच्या खुणेपर्यंत. आता ही गाडी बाईंच्या माहेरची. प्रेमिलाबाई — साहेबांच्या मंडळी. गाडीले साधं खरचटलं तरी पयले भिवापूरले बाईंले सांगायचं, असा आमच्या घरचा कायदा. म्हणून लावला ट्रंक कॉल. लाइनमंदी ही खरखर! म्या वरडून सांगतलं, ‘बाई, आपल्या गाडीले लाल दिवा लागला!’

चुकलं काय त्यात? लागलाच होता ना? आता लाल दिव्याची गाडी मंत्र्याले भेटते हे भिवापुरातलं लेकरूबी जाणते, त्याले मी काय करू? कुठं लागला, टपावर का आत, असं तरी विचारायचं! नाही विचारलं. तिकडून बाई एकदम हरखल्या. म्हणे, ‘तुमच्या तोंडात साखर पडो, देवरावजी!’

देवरावजी! ऐकलं तुमी? एकोणीस वर्सं मी ह्याले जी, त्याले जी, साहेबांच्या कुत्र्याले बी ‘चला जी’ म्हणतो, पण मले? मले ‘देवऱ्या, गाडी काढ’. अन् आज देवरावजी! सांगायले पाहिजे होतं, बरोबर हाय तुमचं. तीन मिनिटांचा कॉल, दोन मिनिटं बाकी होती. लाइन कटली, हे म्या घरी बायकोले सांगतलं. तुमाले कायले खोटं बोलू? लाइन चालू होती. कान गोड झाले होते, म्हणून म्याच ठेवला फोन.

मग काय, बाईंनी साहेबांले फोन केला. साहेब म्हणे, ‘मले काहून नाही कळलं?’ मंग आपलेच म्हणे, ‘वरचे लोक पयले घरी कळवत असतील.’ झालं! अर्ध्या घंट्यात हारवाले. काल ज्यांनी साहेबांले चहा विचारला नाही, ते अर्ज घेऊन रांगेत. एकाच्या पुलाच्या अर्जावर तर साहेबांनी सहीबी ठोकली — कोणत्या खात्याची? खातं मागून पाहू, म्हणे. अन् मी — आता हसू नका — मी शिंप्याकडं जाऊन पांढऱ्या ड्रेसचं माप देऊन आलो! मंत्र्याच्या ड्रायव्हरले लागते ना. दिवा ऑइलचा हाय हे अख्ख्या नागपुरात मले एकट्याले माहीत, तरी गेलो जी मी. शिंप्यानं छाती मोजली तर दोन इंच वाढलेली!

पण तिकडं भिवापुरात शाळा सोडली, ब्यांड ठरला, अन् चार वाजता ट्रक भरून मानसं गुलाल घेऊन नागपूरले निघून राहिली. म्हणून तर गाडी घेऊन तुमच्याकडं धावलो. ती इथं पोचली अन् मंत्र्यांच्या यादीत साहेबांचं नाव नसलं, तर गुलाल कोणाच्या तोंडात कोंबतील? माह्याच.

काय म्हणता? ऑइलच्या स्विचची तार काढली तरी दिवा चालूच? मंग? — ऑइलचा दोष नाही? वायर घासली, उघडी पडून इंजिनाले टेकून राहिली, म्हणून लुकलुकते? एवढी बोटभर वायर? म्हणजे इंजिनात काही खोट नाही, दिवा उगाच लागला. आमच्या साहेबांचं अगदी उलटं हाय जी. — नका, नका गुंडाळू टेप! दिवा लागून हाय तोवरच मी खरा! ... गुंडाळली? गेला का? बरं. गेला तर गेला.

वाजला! वाजला फोन! नत्थूजी, तुमीच उचला ना... नाही? बरं, द्या.

हॅलो! बाई? हो जी, देवरावजीच बोलून राहिलो... हो, ब्यांड ऐकू येऊन राहिला, चांगला हाय... बाई, थांबवा त्यायले. ट्रक थांबवा. बाई, आपला दिवा विझला... हॅलो? बाई? अहो रडू नका! साहेब जित्ते हायेत! अगदी मजेत, गळ्यात हार घालून बसले हायेत — तसा हार नाही जी, फोटोचा नाही! जित्त्या मानसाचा हार!... दिवा गाडीतला, बाई. आतला. ऑइलचा. वाटाण्याएवढा... हो... हो, सकाळपासून माहीत होतं मले... हो जी.

ठेवला.

काय म्हणाल्या? काही नाही. पयले ब्यांड बंद झाला, ते ऐकू आलं. मंग म्हणाल्या, ‘देवऱ्या, चाबी आणून ठेव.’

लावा जी बॉनेट.