बुंदीचे पाय

हेब्बाळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली सशाची मादी होती.

"कस्तुरी, टाच अजून लाल आहे का गं?"

"लाल कसली, आई, आता कातडं सोलवटलंय. केस पार गेलेत."

"पाय कापावा नाही ना लागणार?"

"असं काहीतरी बोलू नका ना! फोनवर डॉक्टर म्हणाल्या, सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. ते गेले की जखम होते. हाडापर्यंत गेलीय का, ते बघावं लागेल."

"हाडापर्यंत?"

"मऊ, कोरडं अंथरूण घाला म्हणाल्या. पाय ओले राहतात का, असं परत परत विचारत होत्या. मी नाही म्हणून सांगितलं."

"बाल्कनीतून घरात यायची ना ती. बाहेरून आल्यावर आपण नाही का पाय धूत?"

"तुम्ही तिचे पाय धुवायचात?"

"रोज. साबण लावून. थेट देवघरापर्यंत धावते गं! तू ऑफिसात असायचीस."

"पुसायचात का नंतर?"

"फरशीवर सोडून द्यायचे. म्हटलं, वाळतील आपोआप."

"बुंदी? बन्नि, ओळगे बन्नि!" आतल्या दारातून मदतनिसानं कन्नडमध्ये हाक मारली.

"चला आई, आत बोलावतायत. डॉक्टरांना हे सगळं सांगा."

"सांगते. पण तिला तूच घे. मी हात लावला की पाय पोटाशी ओढून घेते ती."