कंट्री क्लबची हिरवळ

परदेशातल्या पेंडल हिल या उपनगरात मोफत किराण्याच्या रांगेत सुरुचीच्या पुढे उभ्या असलेल्या मुलाचा फोन स्पीकरवर होता. उगाच कानावर पडायला नको म्हणून ती जरा मागे सरकली. पण मास्कमुळे तो ओरडूनच बोलत होता.

“नचिकेत, कंट्री क्लब म्हणजे आपला जिमखानाच ना रे?”

“हो बाबा, पण गावाबाहेरचा. गोल्फ, पोहणं, जेवण. सगळं फक्त मेंबरांसाठी.”

“मी अख्ख्या सोसायटीत सांगितलंय, पोरगा रोज तिथेच असतो म्हणून.”

“लॉकडाऊनमध्ये बंद आहे, बाबा.”

“मग तुझ्या फोटोतली ती हिरवळ?”

“वाढली असेल. कापणाऱ्यांना घरी बसवलंय.”

“अरेरे! त्या बिचाऱ्यांचं भागतं कसं मग?”

“इथे मोफत किराणा देतात.”

“रांगेत उभं राहून?”

“हो. ठेवतो बाबा, माझा नंबर आला.”