फिल्टरवरचं झाकण

स्कूटरचं पंक्चर काढून घ्यायला आलेल्या मास्तरीणबाई गॅरेजच्या बाकावर मासिक चाळत होत्या. समोरच्या डिझेल पिकअपखालून मिस्त्रींचे दोन पाय बाहेर आले होते आणि दूधवाला त्या पायांशी बोलत होता.

"फिल्टर बदलणं दहा मिनिटांचं काम, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"बदलायला दहाच मिनिटं. पोचायला तीन तास. चाक काढा, मडगार्ड काढा, बॅटरी काढा. सासूपासून दागिने लपवावेत तसा लपवलाय मेल्यांनी."

"मागे तीनशे लिटर दूध आहे हो! नासेल!"

"मग भोक पाडू?"

"कुठे?"

"सीटखाली. वरून हात घातला की फिल्टर हातात. या मॉडेलच्या कितीतरी गाड्यांना पाडलंय मी. वर झकास झाकण बसवून देतो."

"कंपनीला कळलं तर?"

"कळलंय की! त्यांचे साहेब येऊन गेले. झाकणाचे फोटो काढले, माझी पाठ थोपटली. नव्या मॉडेलला झाकण कारखान्यातूनच येतं."

"चला, कुणीतरी ऐकलं तुमचं."

"ऐकलं ना. परवा पहिली नवी गाडी आली. मी मोठ्या ऐटीत झाकण उघडलं."

"मग?"

"आत हॉर्न."

बाईंनी मासिक मिटून विचारलं,

"आणि फिल्टर?"

"तो हलवलाय. आता इंजिनच उतरवावं लागतं."

दूधवाल्याने मागच्या कॅनांकडे एकदा बघून घेतलं.

"पाडा भोक," तो म्हणाला. "पण फोटो कुणाला काढू देऊ नका."