डेनमारची सालदारी

पुंजाजी : तुळशीराम, ते पत्र पुन्हा वाच. कडूबा, पायरीवर बैस अन् कान देऊन आइक. वीस सालं सालदारी केली तू माह्या घरी, यातलं तुलेच समजते.

तुळशीराम : बाबा, ही सालदारी नाही. स्वयंसेवा आहे. डेन्मार्क देशात एका शेतावर सहा महिने काम करायचं. त्या बदल्यात जेवण आणि राहायला जागा.

पुंजाजी : अन् पगार?

तुळशीराम : पगार नाही.

कडूबा : सालाची जवारी?

तुळशीराम : नाही.

कडूबा : पायतण? घोंगडं? थंडीचा मुलूख म्हणतेत.

तुळशीराम : आपलं आपण न्यायचं.

कडूबा : मालक, हे तर माह्यापेक्षाही वाईट ठरलं.

पुंजाजी : वरतून आगबोटीचं भाडं आपल्याच खिशातून. म्हणजे सालदारानं मालक हुडकत समुद्र पार कराचा. कॉलेजात याच्यासाठी घातलं होतं काय बे तुले? आपल्या सात पिढ्यांत कोणी दुसऱ्याच्या वावरात राबलं नाही. धामणगावच्या बाजारात लोक इचारतीन, पुंजाजी, पोरगं कुठी हाये? काय सांगू, परमुलखात सालानं ठेवलं?

तुळशीराम : शिकायला गेलाय म्हणा. बाबा, उद्या टपाल बंद. आज कागद गेला नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. पुन्हा असं बोलावणं मला कोण धाडणार आहे? तुमची एक सही तेवढी हवी.

कडूबा : काम काय असते, भाऊ?

तुळशीराम : सत्तर गाई आहेत. धारा काढायच्या, शेण काढायचं.

पुंजाजी : आपल्या एका कपिलेजवळ जाता येत नाही याले. दोनदा लाथ खाल्ली.

तुळशीराम : धार काढायला तिथे यंत्र आहे.

कडूबा : अन् शेण काढाले?

तुळशीराम : त्याला मी आहे.

पुंजाजी : हे पाह्य. उद्या पाडवा. पाडव्याले मी सालदार ठेवतो तं बोली करून ठेवतो. माहा पोरगा बिनाबोलीचा जाणार नाही. दुसरा कागद घे अन् अटी लिही. मंगच सही. कडूबा, सांग त्याले काय काय लागते ते.

तुळशीराम : ते लोक हसतील, बाबा.

पुंजाजी : हसू दे. सांग रे.

कडूबा : पयली, पोळ्याले सुट्टी.

तुळशीराम : तिथे पोळा नसतो.

पुंजाजी : सत्तर ढोरं अन् पोळा नाही? कसले लोक हायेत? लिही.

कडूबा : दुसरी, आजारी पडला तं खाडा धरू नये.

पुंजाजी : बराबर. मी धरतो काय कधी?

कडूबा : धरता, मालक. मांगच्या साली हिवतापाचे नऊ दिवस धरले.

पुंजाजी : लिही. धरू नये.

कडूबा : तिसरी, चौदा एप्रिलले सुट्टी.

पुंजाजी : याले कायले पाह्यजे चौदा एप्रिल?

कडूबा : भाऊले नसन पाह्यजे. पण सालदाराच्या यादीत असू द्या. माणसाले वर्साचा एक दिवस आपला लागते.

पुंजाजी : बरं, लिही. पुढं?

कडूबा : चवथी, निजाले गोठा देऊ नये.

तुळशीराम : खोली देतात. पलंगासकट.

कडूबा : सालदाराले पलंग? भाऊ, वयाची काही अट हाये काय तिथं?

पुंजाजी : तू गप बैस. जेवाले कसं देतेत?

तुळशीराम : लिहिलंय ना. घरच्या माणसांबरोबर, एकाच टेबलावर.

पुंजाजी : घरच्या म्हणजे?

तुळशीराम : मालक, मालकीण, त्यांची मुलं. सगळे एकत्र.

पुंजाजी : आत? घरात?

तुळशीराम : घरात.

पुंजाजी : अन् तू कोण, कोणाचा, कोणत्या जातीचा, काहीच इचारलं नाही?

तुळशीराम : अर्जात तो रकानाच नाही.

कडूबा : मंग पाचवी राहू द्या, मालक.

पुंजाजी : काऊन? काय होती पाचवी?

कडूबा : भाऊले जेवाले ओसरीखाली बसवू नये, हे सांगणार होतो. वरून टाकलेली भाकर ताटात पडते, तं तिचा आवाज होते. भाऊले सवय नाही.

(पुंजाजी पायरीवरच्या कडूबाकडे पाहतो.)

पुंजाजी : आण तो अर्ज. कुठी करू सही?

तुळशीराम : इथे. या रेघेवर.

पुंजाजी : हे घे. अन् अटीचा कागद तिकडं धाडू नको. तो घरीच ठेव. उद्या कडूबाचंही साल ठरते.

कडूबा : मालक, त्या तं डेनमारच्या अटी हायेत.

पुंजाजी : असू दे. पाचवी लिहिली काय बे?

तुळशीराम : नाही. कडूबाभाऊ राहू द्या म्हणाले.

पुंजाजी : लिही. अवो, आइकलं काय? ताटं वाढा. आत. तीन.

रुखमाबाई (आतून) : तीनच वाढले हायेत. तुमच्या अटी सरेपर्यंत भाकरी गार झाल्या.

तुळशीराम : चला, कडूबाभाऊ.

कडूबा : तुम्ही पुढं व्हा, भाऊ. वीस सालं झाले मले या घरी, पण आत गेल्यावर कुठी वळाचं ते ठाऊक नाही.